जपानी कुंचला-सुलेखनाचे क्रमबद्ध शिक्षण : एक ऐतिहासिक अवलोकन

प्रस्तावना :

कुंचला आणि काळी शाई यांच्या साहाय्याने अक्षरे लिहिण्याच्या जपानी परंपरेस 'शोदो', म्हणजे 'लेखनमार्ग', असे म्हणतात. तिच्याविषयी लिहिताना प्राचीनत्व आणि आध्यात्मिकता यांवर भर दिला जातो. परंपरा प्राचीन आहे यात शंका नाही; मात्र ती ज्या अभ्यासक्रमातून आज शिकविली जाते, तो अर्वाचीन आहे. इयत्ता, तासिका आणि श्रेणी यांची चौकट मुख्यतः १८७२ नंतरच्या शतकात घडली. व्यवहारातील उपयोग ओसरत चाललेल्या कौशल्यास शिक्षणात स्थान का द्यावे, हा प्रश्न या काळात पुनःपुन्हा उपस्थित झाला. त्याला मिळालेल्या उत्तरांचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

पूर्वपीठिका :

जपानी लेखनकलेचा पाया चिनी लिपीने घातला. ८०४ मध्ये चीनला गेलेले भिक्षू कूकाइ (७७४–८३५) हे तिचे आद्य आचार्य मानले जातात. चांगआन येथे त्यांनी प्रज्ञ या भिक्षूकडून संस्कृतचे धडे घेतले आणि सिद्धम् लिपीतील मंत्र स्वदेशी नेले. शिंगोन पंथात ती लिपी आजही कुंचल्याने लिहिली जाते. ब्राह्मीतून निघालेली सिद्धम् ही नागरीची निकटची आप्त होय. मुळाक्षरांच्या आरंभी लिहिल्या जाणाऱ्या ज्या मंगलवचनावरून तिला हे नाव मिळाले, त्याचेच मराठी रूप 'ओनामासिधं' म्हणून परिचित आहे.

एदो काळात (१६०३–१८६८) सामान्यांची मुले 'तेराकोया' या खाजगी शाळांत शिकत. तेथे वर्गाध्यापन नव्हते. गुरू प्रत्येक मुलास त्याच्या गरजेप्रमाणे कित्ता देत आणि मूल तोच कागद काळा होईपर्यंत गिरवीत असे. कित्त्यांत पत्रांचे मायने, गावांची नावे, व्यापारातील शब्द असत. त्यामुळे वळण, वाचन आणि व्यवहारज्ञान ही तिन्ही एकाच कृतीतून साधली जात. राजपुत्र सोन्एन (१२९८–१३५६) यांच्या परंपरेतून आलेली 'ओइए' शैली शोगुनशाहीच्या दप्तरात रूढ होती व शाळांतही तीच शिकविली जाई. या शिक्षणाचे समर्थन करण्याची गरजच नव्हती. लिहिणे म्हणजेच कुंचल्याने लिहिणे होते.

मेइजी काळातील वाद :

१८७२ च्या शिक्षणकायद्याने देशभर प्राथमिक शाळांची योजना केली. लेखन हा वेळापत्रकातील एक विषय बनला आणि व्यक्तिगत कित्त्याची जागा सामुदायिक पाठाने घेतली. १८८० मध्ये चिनी विद्वान यांग शौजिंग प्राचीन शिलालेखांचे हजारो ठसे घेऊन जपानला आले. त्यांच्या अभ्यासातून कुसाकाबे मेइकाकू (१८३८–१९२२) यांच्यासारख्या लेखकांनी नवे वळण प्रचलित केले. मेइकाकूंचे शिष्य हिदाइ तेन्राइ (१८७२–१९३९) यांनी तर गुरूच्या हस्ताक्षरापेक्षा थेट अभिजात नमुन्यांकडे जाण्याचा आग्रह धरला.

१८८२ मध्ये पाश्चात्त्य शैलीचे चित्रकार कोयामा शोतारो यांनी सुलेखन ही ललितकला नव्हे, असे प्रतिपादन केले. अक्षर हे भाषेचे चिन्ह आहे, ही त्यांची भूमिका होती. ओकाकुरा काकुझो यांनी त्याच वर्षी प्रतिवाद केला : प्रत्येक अक्षराचा घाट आणि अक्षरांची परस्पर मांडणी यांचा विचार करणारा लेखक कलावंतच असतो. हा वाद तत्त्वचर्चेपुरता मर्यादित नव्हता. लेखन हे भाषेचे साधन ठरल्यास अधिक सोयीचे साधन येताच कुंचला मागे पडणार होता. कला ठरल्यास ते सर्वांनी शिकण्याचे कारण उरत नव्हते. १९०० मध्ये लेखन 'राष्ट्रभाषा' विषयात सामावले गेले. त्याच वेळी एकेका ध्वनीसाठी प्रचलित असलेल्या अनेक हिरागाना आकृत्यांतून शाळेसाठी एकच निश्चित झाली. पुढे १९४१ च्या व्यवस्थेत लेखन संगीत व चित्रकलेसह कलाविभागात गेले.

युद्धोत्तर पुनर्रचना :

पराभवानंतर शिक्षणाची फेरमांडणी झाली. १९४६ मध्ये नित्य वापरासाठी १,८५० चिनी अक्षरांची यादी जाहीर झाली आणि १९४७ च्या अभ्यासक्रमातून प्राथमिक शाळेतील कुंचला वगळला गेला. लक्षणीय बाब अशी की, पुढच्याच वर्षी 'नित्तेन' या प्रतिष्ठित कलाप्रदर्शनात सुलेखनास स्वतंत्र विभाग मिळाला. शाळेने ज्यास निरुपयोगी ठरविले, त्यास कलाक्षेत्राने मान्यता दिली. १९५१ मध्ये चौथ्या इयत्तेपासून कुंचल्यास ऐच्छिक स्थान मिळाले; १९७१ पासून तिसऱ्या इयत्तेपासून तो अनिवार्य झाला. आज तिसरी ते सहावीपर्यंत दरवर्षी सुमारे ३० तासिका त्यासाठी आहेत. येथे त्याचे नाव 'शोशा' असून तो भाषाविषयाचा भाग आहे. उच्च माध्यमिक स्तरावर मात्र 'शोदो' हा कलागटातील निवडीचा विषय आहे. १८८२ च्या वादात अभ्यासक्रमाने कोणा एकाची बाजू घेतली नाही. दोन्ही उत्तरे दोन स्तरांवर विभागून दिली.

अभ्यासक्रमाची रचना :

प्रथम 'काइशो' हे सुटे, स्थिर वळण. मग 'ग्योशो' हे प्रवाही आणि 'सोशो' हे शीघ्र वळण, असा क्रम सामान्यतः असतो. 'चिरंतन' या अर्थाच्या एकाच अक्षरातून आठ मूलभूत फटकारे शिकविण्याची रीत प्रसिद्ध आहे. प्रगत विद्यार्थी अभिजात नमुन्यांचे 'रिन्शो', म्हणजे अनुलेखन, करतो. त्याच्या तीन पायऱ्या आहेत : आधी आकाराचे अनुकरण, नंतर आशयाचे, शेवटी नमुना दूर सारून स्मरणाने लेखन. शिक्षक तांबड्या शाईने दुरुस्ती करतात. खाजगी वर्गांत 'क्यू' व 'दान' या श्रेणी असतात. श्रेणी विद्यार्थ्यास टिकवून धरतात, परंतु परीक्षकाचेच वळण उचलण्याचा मोहही निर्माण करतात. हिदाइंच्या आग्रहाचे महत्त्व येथे कळते.

समारोप :

डिसेंबर २०२१ मध्ये जपानने सुलेखनाची अमूर्त सांस्कृतिक संपत्ती म्हणून नोंद केली. हा गौरव असला, तरी केवळ नोंदीने विद्या जिवंत राहत नाही. उपयोग ओसरल्यावरही शोदो टिकले, कारण त्याच्या शिक्षणाचे प्रयोजन प्रत्येक पिढीत नव्याने मांडावे लागले आणि ते मांडले गेले. कित्ता गिरविणे म्हणजे बुद्धीला रजा देणे, असा समज रूढ आहे. रिन्शोच्या तीन पायऱ्या वेगळे सांगतात : आधी नीट पाहावे, मग समजून घ्यावे आणि अखेर कित्ता बाजूला ठेवता यावा. अभ्यासक्रमातून एखादा विषय वगळताना त्याची उपयुक्तता तपासली जाते. तो विद्यार्थ्यास कोणती दृष्टी देतो, याचीही तपासणी व्हावयास हवी.