काळ्या पुठ्ठ्याचा राजपुत्र

पूर्ण लांबीच्या अॅनिमेशनपटांचा इतिहास १९३७ च्या ‘स्नो व्हाइट’पासून सांगण्याची सवय आपल्याकडे अजून गेलेली नाही. त्याच्या अकरा वर्षे आधी, २ मे १९२६ रोजी, लोटे रायनिगर यांचा ‘प्रिन्स अहमदची साहसे’ हा मूकपट बर्लिनमध्ये प्रथम दाखवला गेला. आर्जेंटिनातील क्विरिनो क्रिस्तियानी यांचा ‘एल अपोस्तोल’ (१९१७) याहून जुना. पण तो नष्ट झाला. आज पाहता येणाऱ्यांत हाच सर्वांत जुना.

या चित्रपटाचे काम १९२३ मध्ये सुरू झाले. जर्मनीत चलन कोसळत होते. लुई हागेन या बँकरने पैसा बुडण्याच्या भीतीने कोरी फिल्म घेऊन ठेवली होती. ती त्याने रायनिगर यांना देऊ केली. काळा पुठ्ठा आणि शिशाचा पातळ पत्रा कात्रीने कापायचा, सांधे तारेने जोडायचे, आकृती काचेवर ठेवून खालून प्रकाश सोडायचा आणि ती किंचित सरकवून वरून एकेक चित्र टिपायचे, अशी ही स्टॉप-मोशनची रीत. तीन वर्षे हेच चालले.

या आकृत्यांना चेहरा नाही, आणि आमच्या मते चित्रपटाचे बळ तिथेच आहे. मानेचा कल, बोटांची थरथर यांतून सारा भाव व्यक्त होतो. चेटकीण आणि जादूगार प्राण्यांची रूपे पालटत झुंजतात, तो प्रसंग पाहावा. बाह्यरेषाच तेवढी असल्याने एक रूप दुसऱ्यात सहज विरघळते.

कथेची बाजू मात्र लंगडी आहे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या भाषांतरामुळे मराठी वाचकाला ‘अरबी रात्री’ परक्या नाहीत. तिथे प्रत्येक गोष्टीमागे शहराजादच्या जिवाची टांगणी असते. इथे उडता घोडा, परी बानू आणि अल्लाउद्दीन या कथा एकत्र शिवल्या आहेत. ती टांगणी नाहीशी झाल्याने प्रसंग नुसते एकामागून एक येतात. मूळात बहिणीला गोष्ट सांगण्याची विनवणी करणारी दिनारजाद इथे अहमदची बहीण होते आणि घोड्याच्या बदल्यात जादूगार तिलाच मागतो. परी बानूचे पिसांचे वस्त्र नायक पळवतो, त्यालाही चित्रपट प्रेमच म्हणतो.

याहून गंभीर उणीव बळाच्याच मुळाशी आहे. चेहरा नसला की पात्र ओळखायचे कशावरून? नाकावरून, पाठीच्या बाकावरून, केसांवरून. म्हणून ‘आफ्रिकी जादूगार’ दुष्ट आहे हे आपल्याला त्याच्या आकड्यासारख्या नाकावरून आणि हाडकुळ्या हातांवरून, त्याने काही करण्याआधीच कळते. काम सुरू झाले त्याच १९२३ मध्ये न्यूरेंबर्गमध्ये ‘डेर श्टुर्मर’ हे पत्र निघाले आणि पुढे त्यातील व्यंगचित्रांनी नाकाच्या रेषेला ज्यूद्वेषाचे शस्त्र केले. रायनिगर यांचा हेतू तसा होता असे आम्ही मुळीच म्हणत नाही. परंतु आकारावरून स्वभाव वाचण्याची सवय दोन्हीकडे एकच आहे आणि ती प्रेक्षकाच्या अंगी आधीपासून होती, हे नाकारता येत नाही.

मूळ जर्मन प्रत हरवली. लंडनमध्ये राहिलेल्या प्रतीवरून १९९० च्या दशकाच्या अखेरीस चित्रपटाचे पुनरुज्जीवन झाले. म्हणूनच तो आज वर्गात दाखवता येतो. तो दाखवताना कात्रीचे कौतुक आधी करावे आणि मग जादूगाराच्या प्रवेशाशी थांबून विद्यार्थ्यांना विचारावे : हा दुष्ट आहे, हे तुम्हांला कोणी सांगितले?