पहिला हंगाम आणि त्यामागची पन्नास वर्षे

१३ फेब्रुवारी २०२३ रोजी मुंबईत एक लिलाव झाला. माणसांच्या बाबतीत लिलाव हा शब्द आमच्या कानांस अजूनही खटकतो. परंतु खेळाच्या बाजारात तो रुळला आहे, तेव्हा त्यावर वाद घालीत बसण्यात अर्थ नाही. विमेन्स प्रीमियर लीग या नव्या स्पर्धेसाठी पाच संघांनी त्या दिवशी ८७ स्त्री-क्रिकेटपटू घेतल्या आणि ५९ कोटी ५० लाख रुपये मोजले. सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधनाला बंगळूरच्या संघाने ३ कोटी ४० लाखांस घेतले. लोकांच्या लक्षात राहिला तो हाच आकडा. आम्हांस मात्र त्याच्या मागे बरोबर पन्नास वर्षे जावेसे वाटते.

एप्रिल १९७३ मध्ये पुण्यात स्त्रियांची पहिली आंतरराज्य क्रिकेट स्पर्धा भरली. संघ किती? अवघे तीन: मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. त्याच वर्षी स्त्रियांची स्वतंत्र अखिल भारतीय संघटनाही नोंदविली गेली. पुढे तीनच वर्षांत, १९७६ साली, शांता रंगस्वामींच्या नेतृत्वाखाली भारतीय संघाने वेस्ट इंडिजविरुद्ध पाटण्याला कसोटी सामना जिंकला. खेळाचे पैसे मात्र मिळत नव्हते. मिळे ते नोकरीचे वेतन. डायना एडलजींसारख्या मोठ्या खेळाडूस आधार होता तो रेल्वेच्या नोकरीचा. आणि रेल्वेचा संघ वर्षानुवर्षे बलाढ्य का राहिला, याचे उत्तरही त्यातच आहे. जिथे महिन्याचा पगार, तिथे खेळ टिकला. २००६ मध्ये ही संघटना पुरुषांच्या नियामक मंडळात विलीन झाली. तिच्या शेवटच्या चिटणीस होत्या पुण्याच्या शुभांगी कुलकर्णी. त्यानंतरही लीगसाठी सतरा वर्षे वाट पाहावी लागली. मध्यंतरी २०१८ साली वानखेडेवर एकच प्रदर्शनीय सामना झाला, मग तीन संघांची छोटी स्पर्धा जयपूर, शारजा आणि पुणे अशी फिरली. पाहुण्यांना जेवण वाढण्यापूर्वी कोशिंबिरीची चव घ्यावी, तसा तो प्रकार होता.

अखेर ४ मार्च २०२३ रोजी नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर हंगाम सुरू झाला. पहिला सामना एकतर्फी झाला, हे कबूल केले पाहिजे: मुंबईच्या २०७ धावा आणि गुजरातचा डाव ६४ धावांत खलास. सर्वांत महागड्या खेळाडूच्या नेतृत्वाखालील बंगळूरचा संघ तर पहिले पाचही सामने हरला! सारे २२ सामने नेरूळ आणि ब्रेबॉर्न या दोनच मैदानांवर झाले. २६ मार्चच्या अंतिम सामन्यात दिल्लीचे नऊ गडी ७९ धावांत बाद झाले होते. तेव्हा गोव्याकडून खेळलेली शिखा पांडे आणि मुंबईच्या कांदिवलीची राधा यादव या दोघींनी शेवटच्या जोडीत ५२ धावा जोडल्या आणि दोघीही नाबाद राहिल्या. त्या धावा नसत्या तर सामन्यात रंगच भरला नसता. मुंबईने तो तीन चेंडू राखून जिंकला. नॅट सिव्हर-ब्रंट ६० धावांवर नाबाद होती.

त्या हंगामात स्त्रियांना मैदानात प्रवेश मोफत होता. गोष्ट स्तुत्य खरी. परंतु आमच्या उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या मुलींच्या बाजूने पाहिले तर तिकिटाचा प्रश्न सर्वांत लहान होता. बदलापूरहून ठाणे, तिथे गाडी बदलून नेरूळ, आणि साडेसातला सुरू झालेला सामना संपायला अकराचा सुमार. परतीची लोकल, फलाटावरचा तो वेळ, घरी जागी असलेली आई! दुपारी साडेतीनचे सामने होते, पण थोडे. खेळ पाहण्याची मोकळीक आणि खेळण्याची मोकळीक या दोन्ही अखेर त्याच परतीच्या गाडीपाशी अडतात.

पहिला हंगाम झाला म्हणजे दुसरा होतोच, असे नाही. आपल्या मातीतल्या कबड्डीचेच पाहा. २०१६ साली पुरुषांच्या लीगबरोबर स्त्रियांच्या तीन संघांची स्पर्धा घेण्यात आली. मुंबईची अभिलाषा म्हात्रे एका संघाची कर्णधार होती. संघाचे नाव आइस दिवाज. (कबड्डीच्या संघाला बर्फाचे नाव कोणी सुचविले असेल ते असो.) ३१ जुलैला हैदराबादेत अंतिम सामना २४-२३ असा अवघ्या एका गुणाने सुटला. याहून रंगतदार शेवट कोणता हवा होता? तरीही त्या स्पर्धेचा दुसरा हंगाम झाला नाही. म्हणजे उणीव खेळात नव्हती.

खऱ्या बर्फावरच्या हॉकीतही हेच घडले. अमेरिकेत २०१५ साली स्त्रियांना पगार देणारी चार संघांची लीग निघाली, आणि दुसऱ्याच हंगामात, नोव्हेंबर २०१६ मध्ये, ते पगार कापण्यात आले. कॅनडातील जुनी लीग २०१९ मध्ये बंद पडली. तेव्हा तिकडच्या नामवंत खेळाडू एकत्र आल्या, त्यांनी संघटना बांधली आणि जानेवारी २०२४ मध्ये सहा संघांची नवी लीग उभी राहिली. विशेष हे, की पहिला सामना होण्यापूर्वीच खेळाडूंच्या युनियनने २०२३ साली मालकांशी सामुदायिक करार करून घेतला होता. सामुदायिक करार म्हणजे काय, हे अंबरनाथच्या कारखान्यांत उमेदीची वर्षे घालविलेल्या श्रोत्यांना आम्ही सांगावयास नको.

आमच्या क्रिकेटपटूंजवळ असा करार नाही. बंगळूरने २०२४ साली करंडक जिंकला, २०२५ मध्ये मुंबईने पुन्हा; आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी त्याच नेरूळच्या मैदानावर भारताने विश्वचषक जिंकला. स्मृतीचे मोल यापुढे कोणी विचारणार नाही. पण २०२३ च्या त्या लिलावात भारताकडून न खेळलेल्या मुलीची किमान किंमत १० लाख रुपये होती, आणि ती काही आठवड्यांच्या एका हंगामाची. उरलेल्या महिन्यांत तिचे घर कशावर चालते, हे विचारायला तिच्या वतीने अजून कोणी बसलेले नाही.