रात्रशाळा आणि गिरणीचा भोंगा

रात्रशाळांचा इतिहास लिहूं जाणारे बहुधा संस्थापकांच्या नामावळीपासून आरंभ करितात. आम्हांस तो मार्ग अपुरा वाटतो. शाळा संस्थापकानें काढली हें खरें. परंतु दिवसभर राबणाऱ्या माणसानें तींत किती वाजतां यावें आणि किती दिवस टिकावें, हें बहुतेक वेळां त्याच्या धन्यानें ठरविलें आहे.

१८५५ सालीं जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं पुण्यांत शेतकरी व मजूर यांच्याकरितां रात्रीची शाळा काढली. त्या मजुराचा दिवस बहुधा सूर्याबरोबर उगवे आणि सूर्याबरोबर मावळे; अंधार पडला कीं निदान दोन घटका त्याच्या स्वतःच्या असत. योगायोग असा कीं, पुढच्याच वर्षीं मुंबईंत कावसजी दावर यांची सुताची गिरणी सुरू झाली, आणि हळूहळू मजुराचा दिवस भोंग्याच्या ताब्यांत गेला. १८८१ च्या कायद्यानें ७ ते १२ वर्षांच्या मुलांस दिवसाला ९ तासांची मर्यादा घालून दिली. मुलांस नऊ तास! १८९१ मध्यें ते ७ झाले, वयाची मर्यादा ९ ते १४ ठरली, आणि स्त्रियांकरितां ११ तासांचा नियम झाला. प्रौढ पुरुषाचें नांव मात्र त्यांत कोठेंच नव्हतें.

पुढें १९०५ च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे लागले. दिवा म्हणजे ज्ञान, ही उपमा आम्हां शिक्षकांच्या फार आवडीची. परंतु या दिव्यानें कामाचा दिवस तेरा-चौदा तासांपर्यंत ताणला आणि अभ्यासाची रात्रच गिळून टाकली. पहांटे चाळींतून निघून रात्रीं आठ-नऊ वाजतां जो परत येतो, त्यानें पाटी केव्हां हातीं धरावी? १९११ मध्यें नारायण मल्हार जोशी यांनीं सोशल सर्व्हिस लीग स्थापिली. तिनें कामगारांसाठीं रात्रीचे वर्ग व वाचनालयें चालविलीं. त्याच वर्षींच्या कायद्यानें कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषाचें काम १२ तासांवर आणिलें. या दोन गोष्टी आम्ही शेजारीं शेजारीं ठेवून वाचतों. पहिलीची स्तुति व्याख्यानांतून पुष्कळ होते. दुसरीची कोणी करीत नाहीं. १९२२ मध्यें दिवसाला ११ तास, १९३४ मध्यें १०, १९४६ मध्यें ९, अशी ती मर्यादा उतरत आली. १९४७ मध्यें डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें मुंबईंत रात्रीचें हायस्कूल काढलें. नुसत्या अक्षरओळखीनें आतां भागत नव्हतें. कचेरीची पायरी चढावयास दाखला लागे, मग तो मॅट्रिकचा असो कीं १९४९ पासून एस. एस. सी. चा.

आज १७ नंबरचा अर्ज भरून, शाळेंत न जातां, दहावीच्या परीक्षेस बसतां येतें. सोय चांगली आहे. पण घरीं अभ्यास करावयाचा तो कोणत्या वेळीं, हा जुना प्रश्न अर्जानें सुटत नाहीं.

तरुणपणीं आम्ही एका रात्रशाळेंत शिकवीत होतों. वर्ग साडेसहाला भरे. उपाहारगृहांत काम करणारा एक विद्यार्थी रोज सव्वासातला येई; संध्याकाळची गर्दी ओसरल्यावांचून मालक त्यास सोडीत नसे. कपड्यांना तळणाचा वास, वही मात्र स्वच्छ. उशिराबद्दल आम्ही त्याला वर्गादेखत दोन-तीनदां बोललों. मान खालीं घालून तो शेवटच्या बाकावर जाऊन बसे. परीक्षेंत तो इतर सर्व विषयांत उतरला आणि गणितांत नापास झाला. “पोराला गणिताचें डोकें नाहीं,” असें आम्हींच शिक्षकांच्या खोलींत म्हटलें, आणि सर्वांनीं माना डोलावल्या.

कित्येक वर्षांनीं जुने कागद चाळतांना त्या सालचें वेळापत्रक आमच्या हातीं लागलें. पहिला तास, साडेसहा ते सव्वासात, आठवड्याचे सहाही दिवस गणिताचा होता. अक्षर आमचेंच होतें.