पाण्याची चाल आणि स्तनातील गाठ

श्रोतेहो, सिंहस्थाच्या पर्वणीला रामकुंडाच्या वाटेवर तुम्ही कधी सापडला आहात काय? एरवी त्या घाटावर माणूस हवा तिकडे फिरतो. त्या गर्दीत मात्र वीतभर पुढे सरकायची मारामार. आपल्या शरीरातील पाण्याचेही असेच आहे, आणि एवढ्याशा गोष्टीवर स्तनातील गाठ ओळखण्याची एक रीत उभी आहे.

तिचे मूळ फार जुने. १८२७ साली रॉबर्ट ब्राऊन हा वनस्पतिशास्त्रज्ञ सूक्ष्मदर्शकातून पाहतो, तो परागांतून निघालेले बारीक कण पाण्यात सारखे थरथरताहेत! त्यांत जीव नाही, मग हलवतो कोण? पाण्याचे अणुरेणूच त्यांना धक्के देतात, हे १९०५ मध्ये आइन्स्टाइनने गणिताने दाखवले. १९६५ साली स्टेजस्कल व टॅनर यांनी चुंबकाच्या साह्याने ही चाल मोजण्याची युक्ती काढली, आणि १९८६ मध्ये फ्रान्सच्या ल बिहाँ यांनी ती माणसाच्या मेंदूत चित्ररूपाने दाखवली. स्तनाची पाळी त्यानंतर आली.

कर्करोगाच्या गाठीत बहुधा पेशींची दाटी असते. पाणी तेथे अडते. साध्या गाठीत ते बरेच मोकळे फिरते. एमआरआय यंत्र हा फरक दाखवते, आणि त्याला क्ष-किरण लागत नाहीत. अलीकडे मोजणीचा जोर कमीजास्त करून पुन्हापुन्हा मोजतात. त्यामुळे बारीक वाहिन्यांतले रक्त आणि पेशींभोवतीचे पाणी वेगवेगळे कळते.

पण यंत्र फसतेही, बरे का. पू झालेल्या गळवातही पाणी अडते, आणि बुळबुळीत द्रवाने भरलेल्या एका जातीच्या कर्करोगात ते खुशाल फिरते. म्हणून शेवटचा निकाल सुईने काढलेल्या तुकड्याचाच.

आणि गाठ यंत्रापर्यंत पोचायला तर हवी! दुखत नाही म्हणून आपल्या बायाबापड्या ती अंगावर काढतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून झोपडवस्त्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतल्या निम्म्या जणींना शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी, असे चार वेळा, नुसत्या हाताने तपासत. ना यंत्र, ना वीज. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तपासलेल्या स्त्रियांतील गाठी लवकर सापडल्या होत्या, आणि पन्नाशी ओलांडलेल्यांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले होते. त्याहून लहान वयाच्या स्त्रियांत मात्र मृत्यूंत अशी घट दिसली नाही.