आईचे संप्रेरक आणि स्वमग्न मुले: एका आशेचा इतिहास

१/ महाराष्ट्रात ऑक्सिटोसिनचे नाव प्रामुख्याने प्रसूतिगृहात आणि म्हशींच्या गोठ्यात ऐकू येते. याच संप्रेरकाने एके काळी स्वमग्न मुलांच्या पालकांना मोठी आशा दाखवली होती.

२/ १९०६ साली हेन्री डेल यांनी पिट्यूटरी ग्रंथीच्या अर्काने गर्भाशय आकुंचन पावते, असे दाखवले. १९५३ साली व्हिन्सेंट द्यु विन्यो यांनी ऑक्सिटोसिन प्रयोगशाळेत घडवले. १९५५ साली त्यांना नोबेल मिळाले.

३/ १९४३ साली बाल्टिमोरमध्ये लिओ कॅनर यांनी ११ मुलांच्या नोंदींतून स्वमग्नतेचे वर्णन केले. ती जन्मजात असावी, असे त्यांनी लिहिले. मात्र पालकांच्या थंडपणाचाही उल्लेख केला. पुढे त्या उल्लेखातूनच आईवर दोषारोप सुरू झाला. १९६७ साली ब्रुनो बेटेलहाइम यांच्या ग्रंथाने तो घरोघरी पोहोचवला.

४/ मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील. १९६४ सालीच त्यांनी कारण मातृप्रेमात नव्हे, तर मेंदूत शोधावे, असे मांडले होते. कालांतराने तेच मत टिकले.

५/ १९९०च्या दशकात प्रेअरी व्होल या उंदरासारख्या प्राण्यांवरील प्रयोगांत ऑक्सिटोसिनचा जोडीदाराच्या ओढीशी संबंध दिसला. ज्या आईला दोषी ठरवले होते, तिच्याच संप्रेरकात आता उपाय शोधला जाऊ लागला.

६/ २०१३ साली येल विद्यापीठात १७ स्वमग्न मुलांना नाकावाटे त्याची एकच मात्रा दिली गेली. डोळ्यांची छायाचित्रे पाहून भाव ओळखताना मेंदूतील सामाजिक आकलनाचे भाग अधिक सक्रिय झाले. वागणुकीतील बदल मात्र या प्रयोगाने सिद्ध केला नव्हता.

७/ खरी कसोटी २०२१ साली लागली. अमेरिकेत ३ ते १७ वयाच्या २९० मुलांवर २४ आठवडे चाचणी झाली. सामाजिक वागणुकीत औषध आणि औषधाविना दिलेला फवारा यांत लक्षणीय फरक आढळला नाही.

८/ भारतात या औषधाचा वाद निराळाच होता. दुभत्या जनावरांवरील गैरवापराचे कारण देऊन केंद्राने २०१८ साली त्याच्या खासगी उत्पादनावर बंदी घातली. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबवणारे हे औषध मातांना मिळेनासे होईल, अशी भीती व्यक्त झाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली.

९/ घणसोली गावापासून जवळच, वाशीत, नवी मुंबई महानगरपालिकेचे ईटीसी केंद्र दिव्यांग मुलांना शिक्षण व प्रशिक्षण देते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नतेला स्पष्ट स्थान दिले आहे. फवाऱ्याची आशा ओसरली, तरी मुलाला समजून घेणारी शाळा आणि आईला दोष न देणारा शेजार यांची गरज तितकीच उरली आहे.