सेंट जॉर्ज किल्ल्याच्या दप्तरातील शिवाजी महाराज

पुण्या-मुंबईकडचे पाहुणे चेन्नईला आले की आपण त्यांना जॉर्ज टाऊनमधील तंबू चेट्टी स्ट्रीटवरच्या काळिकांबाळ देवळात हमखास नेतो. छत्रपती शिवाजी महाराज ३ ऑक्टोबर १६७७ रोजी येथे दर्शनाला आले होते, असे देवळात लिहिलेले आहे. एकदा माझ्या भाच्याने तिथेच विचारले, "मामा, याला पुरावा काय?" मला उत्तर देता आले नाही. आम्ही रेल्वेचे इंजिनीयर मेजरमेंट बुकात नोंद नसलेल्या कामाचे बिल पास करत नाही. म्हटले, इथेही नोंद शोधून पाहू.

सुदैवाने इंग्रज कंपनीला सगळे लिहून ठेवण्याची सवय होती. १६३९ साली जागा मिळाल्यावर त्यांनी सेंट जॉर्ज किल्ला बांधला. तिथल्या गव्हर्नर व कौन्सिलच्या बैठकांची जुनी दप्तरे पुढे १९१० पासून मद्रास रेकॉर्ड ऑफिसने छापायला घेतली. तेच ऑफिस म्हणजे आजचे एग्मोरचे तमिळनाडू अभिलेखागार.

मे १६७७ च्या नोंदीत महाराजांचा महालदार, एक ब्राह्मण आणि आणखी दोघे पत्र घेऊन आल्याचे लिहिले आहे. महाराजांनी विषावर उतारा म्हणून वापरले जाणारे औषधी खडे मागवले होते आणि किंमत देण्याची तयारीही दाखवली होती. गव्हर्नर होता सर विल्यम लँगहॉर्न. कौन्सिलने पैसे न घेता खडे पाठवले, सोबत बागेतली फळे आणि आदराचे पत्र. महालदारालाही बनात व चंदन दिले. हे औदार्य फुकटचे नव्हते. १६६४ आणि १६७० ची सुरत ते विसरले नव्हते, आणि जिंजीचा बळकट किल्ला त्याच सुमारास महाराजांच्या हाती आला होता.

पण मला खरा आनंद झाला तो पुढच्या नोंदीने. त्याच वर्षी महाराजांनी इंग्रजांकडे चक्क इंजिनीयर मागितले! वेल्लोरच्या किल्ल्याला तेव्हा मराठ्यांचा वेढा होता. कौन्सिलने गोड शब्दांत नकार दिला. महाराजांचे बळ वाढेल, शिवाय गोवळकोंडा आणि मोगल नाराज होतील, ही त्यांची भीती. त्यांच्या इंजिनीयरांवाचून काही अडले नाही. १६७८ साली वेल्लोर पडलेच.

आता भाच्याच्या प्रश्नाकडे. मी वाचलेल्या कंपनीच्या नोंदींत देवदर्शनाचा उल्लेख आढळला नाही. सुरुवातीला थोडे वाईट वाटले. पण कंपनीचा कारकून व्यापाराच्या आणि किल्ल्याच्या गोष्टी लिहीत होता, देवळातल्या नव्हे. त्यामुळे महाराज आले नाहीत असेही यातून ठरत नाही. भाच्याला फोन करून एवढेच सांगितले, दर्शन ही देवळाची परंपरा आहे, पत्रे हा लेखी पुरावा आहे. दोन्हींचा मान राखावा, पण एकाला दुसरे म्हणू नये.

मंडळींना विनंती, यापुढे पाहुण्यांना देवळात नेलेत की जवळचा किल्लाही दाखवा आणि या पत्रांची हकीकत सांगा. महाराजांची थोरवी पुराव्याने कमी होत नाही, वाढतेच.

गणपती बाप्पा मोरया!