कंपवातातला अडकलेला ताल

पुष्कळ घरांनी पाहिलेलं हे दृश्य आहे. आजोबांच्या हातातली कपबशी खुळखुळू लागते. पुढे सदऱ्याची बटणं लावायला वेळ लागतो, अक्षर बारीक होत जातं आणि एक दिवस ते उंबरठ्यापाशी थबकतात. पाऊल उचलतच नाही. घरातले म्हणतात, "अहो बाबा, टाका ना पाय पुढे!" बाबांनाही टाकायचाच असतो. मग अडतं कुठे? हे कळायला वैद्यकाला जवळजवळ दोनशे वर्षं लागली.

1817 साली लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी या आजारावर एक छोटा निबंध छापला. त्यात रुग्ण सहाच, आणि त्यांतले काही तर रस्त्यात दिसलेले. पुढे फ्रान्समधल्या शार्को यांनी आजाराला पार्किन्सन यांचं नाव दिलं. आपण त्याला कंपवात म्हणतो. वर्णन अचूक होतं, पण मूळ सापडत नव्हतं.

ते सापडायला आपल्या ओळखीची एक वनस्पती कारणी लागली. सर्पगंधेपासून काढलेलं रेसर्पिन हे औषध स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी सशांना दिलं, तेव्हा ससे हालचाल विसरून निपचित पडले. मग त्यांना एल-डोपा टोचताच ते पुन्हा हिंडू लागले. हे 1957 सालचं. एल-डोपापासून मेंदूत डोपामिन नावाचं रसायन तयार होतं. 1960 मध्ये व्हिएन्नात हॉर्निकिविच यांनी कंपवाताच्या मृत रुग्णांचे मेंदू तपासले आणि तिथे याच डोपामिनची मोठी तूट असल्याचं दाखवलं. 1967 मध्ये अमेरिकेत कोत्सियास यांनी एल-डोपा तोंडावाटे मोठ्या मात्रेत देऊन रुग्णांना हिंडतं-फिरतं केलं. आजही मुख्य औषध तेच आहे. मात्र काही वर्षांनी त्याचा परिणाम लवकर ओसरू लागतो आणि नको त्या हालचालीही सुरू होतात.

एक प्रश्न उरलाच होता. डोपामिन आटल्यावर मेंदूतल्या पेशी करतात तरी काय?

मेंदूला विजेची लय असते, हे जर्मनीतल्या येना गावी हान्स बर्गर यांनी 1924 मध्ये प्रथम टिपलं आणि 1929 मध्ये प्रसिद्ध केलं. पण त्यांची तार डोक्याच्या कातडीवर होती. हालचालींचा कारभार पाहणारी केंद्रं मेंदूत खोलवर आहेत. तिथलं ऐकणार कसं?

वाट उघडली ती शस्त्रक्रियेमुळे. थरथर थांबवण्यासाठी पूर्वी मेंदूतला एक ठिपका जाळून टाकत. जागा बरोबर आहे ना, हे पाहायला आधी तिथे विजेचे हलके झटके देत. 1987 मध्ये फ्रान्समधल्या ग्रनोब्ल इथे बेनाबिद यांच्या ध्यानात आलं, की सेकंदाला शंभराच्या आसपास झटके दिले तर जाळण्याआधीच हात स्थिर होतो. मग जाळायचं कशाला? तार तिथेच ठेवावी आणि छातीच्या कातडीखाली पेसमेकरसारखं यंत्र बसवावं. 1990 मध्ये अमेरिकेत डीलाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांवर प्रयोग करून वाटाण्याएवढ्या एका खोल केंद्राकडे बोट दाखवलं. 1993 पासून बेनाबिद यांनी रुग्णांच्या त्याच केंद्रात तारा बसवायला सुरुवात केली.

या तारा झटके देतात, तशाच तिथली कुजबुज ऐकवतातही. लंडनमध्ये पीटर ब्राउन आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये चार रुग्णांच्या अशा नोंदी प्रसिद्ध केल्या. औषध थांबवलेलं असताना त्या केंद्रात सेकंदाला तीसपेक्षा कमी आवर्तनांच्या संथ लहरींचं राज्य होतं. औषध पोटात गेलं, की त्या दबत आणि सुमारे सत्तर आवर्तनांची वेगवान लहर दिसू लागे.

म्हणजे डोपामिन आटलं, तरी ते केंद्र गप्प नव्हतं. तिथे भलताच एकसूर लागला होता. बाजारात शंभर माणसं आपापलं बोलत असतात, म्हणून व्यवहार चालतो. तीच शंभर माणसं एकच घोषणा देऊ लागली, तर आवाज मोठा होईल, पण भाजीचा भाव कोणाला ऐकू येणार नाही. निरोगी मेंदूतही सेकंदाला 13 ते 30 आवर्तनांची ही लय असते, पण पाऊल उचलायच्या क्षणी ती मागे सरते. कंपवातात ती मागे हटायला तयार नसते. पुढच्या अभ्यासांत असंही दिसलं, की ही लय जितकी ओसरते, तितका अंगाचा ताठरपणा आणि संथपणा कमी होतो. हाताची थरथर मात्र वेगळ्या तालाची, सेकंदाला चार ते सहा वेळा होणारी. ही लय आजाराचं कारण की सोबतीण, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे.

वाद चालू असला, तरी उपयोग थांबलेला नाही. ही लय वाढली की झटके वाढवायचे आणि ओसरली की कमी करायचे, अशी पद्धत ब्राउन यांच्या गटाने 2013 मध्ये रुग्णांवर यशस्वी करून दाखवली. असं एक यंत्र वापरायला अमेरिकेत 2025 मध्ये मान्यता मिळाली.

प्रत्येक घरात हे यंत्र येणार नाही. ते महाग आहे आणि सगळ्या रुग्णांना चालतही नाही. पण या इतिहासातून मिळालेली समज फुकट आहे. उंबरठ्याशी थबकलेला माणूस हट्टी नसतो, आळशी नसतो. त्याच्यावर ओरडून पाय सुटत नाही. त्यापेक्षा जमिनीवर रंगीत पट्टी आखून ठेवावी किंवा शेजारी उभं राहून "एक, दोन, एक, दोन" असा ताल धरावा. बाहेरून मिळालेल्या एवढ्याशा आधारावर अनेकांचं पाऊल पडतं.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)